वीजघराची चर्चा, खंड एकेचाळीस

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी वसाहतीच्या फलकावर नोटीस लागली. बासष्ट घरं रिकामी करायची. जागा वीज कंपनीला हवी आहे. सव्वीस तारखेला सुनावणी. चौथ्या परिच्छेदात लिहिलं आहे की रहिवाशांना कायम राहू देण्याचं आश्वासन शासनाने कधीही दिलेलं नव्हतं. ‘कधीही’ या शब्दाखाली मी नखाने रेघ ओढली.

दुपारी फोरमनच्या ओट्यावर सभा झाली. फोरमन म्हणजे जुन्या वीजघरातला निवृत्त फोरमन, आता वसाहतीचा सेक्रेटरी. त्याचा आवाज अजून यंत्रांच्या वरचा आहे. त्याचं म्हणणं, माझ्या दादाने भर सभागृहात मंत्र्यांच्या तोंडून वदवून घेतलं होतं की एकाही घराला हात लागणार नाही. दादा तेव्हा इथला निवडून आलेला सदस्य होता. एकच मुदत. दादाला जाऊन सहा वर्षं झाली, पण ही गोष्ट वसाहतीत पोरंसोरंही सांगतात.

आमची वकीलबाई तरुण आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. ती म्हणाली, “लोक सांगतात ती आठवण झाली. सभागृहाच्या छापील कार्यवृत्तात ते वाक्य असेल तरच पुरावा.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निवृत्त मुख्याध्यापिका, दादाची बहीण, आणि वाचायला बसले तर उठत नाही ही ख्याती.

तारीख मात्र कोणालाच सांगता येईना. फोरमन म्हणे थंडीत, त्याची बायको म्हणे उन्हाळ्यात. घरी येऊन वहिनीला विचारलं. दादा गेल्यापासून आम्ही दोघीच या घरात राहतो. वहिनी म्हणाली, “नाही बाई आठवत.” शेजारणीने पंधरा वर्षांपूर्वी नेलेली चाळणी जिला आठवते, तिला नवऱ्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस आठवत नाही.

तारीखवार लिहून ठेवते आहे. पुढे कोणी उलट तपासणी केली तर हाताशी असावं. माझा कोणावर विश्वास नाही, आठवणीवर तर नाहीच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सभागृहाच्या ग्रंथालयात तळमजल्यावर वाचनकक्ष आहे. पिशवी बाहेर कपाटात ठेवायची, शाईचं पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. हवा तो खंड चिठ्ठीवर लिहून द्यायचा. चिठ्ठ्या घेणारा कारकून गळ्याला मफलर गुंडाळून बसतो. खोलीत पंखा फिरत असतानाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव मफलर ठेवलं.

दादाच्या पाच वर्षांत चौदा अधिवेशनं झाली. प्रत्येकाचे तीन-चार खंड, एकेक खंड उशीएवढा. शेवटी सूची असते. ‘वीजघर’ पाहिलं, ‘वसाहत’ पाहिलं, ‘घरे’ पाहिलं. काही नाही. सूची करणारा एकतर झोपाळू असावा किंवा कोणाचा तरी मिंधा.

शेजारच्या टेबलावर एक टापटीप तरुण आहे. मी आले, पाठोपाठ तोही आला. मी खंड उघडला की याचं टकटक बघणं सुरू. कंपनीचा माणूस असणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सूचीचा नाद सोडला. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दिवसभरात चार खंड. लोक किती बोलतात! एका पुलावर अडीच दिवस बोलले आणि तो पूल झालाच नाही.

टापटीप तरुण दुपारी जवळ आला. मी पानावर रुमाल टाकला. त्याने खोडरबर मागितलं. तू कशावर काम करतोस, असं मी सरळच विचारलं. भटक्या कुत्र्यांवर सभागृहात झालेल्या चर्चा, म्हणाला. त्याचा प्रबंध आहे. असा विषय कोणी घेत असेल यावर माझा विश्वास बसला नाही, पण त्याच्या वहीत खरोखर कुत्रीच होती. खोडरबर दिलं. परत मागून घेतलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

घरी आले तर पुढच्या खोलीत कंपनीचा माणूस! चांगले कप बाहेर काढलेले. टेबलावर सात मजली इमारतीचं रंगीत चित्र. मला बघताच तो उठला, वहिनीला नमस्कार करून निघून गेला.

वहिनी म्हणाली, नवीन इमारतीत लिफ्ट आहे, तुमचे गुडघे दुखतात, वाईट काय आहे त्यात. मी विचारलं, सही केलीत का? म्हणाली, “मी कशाला सही करू? पण वन्सं, किती दिवस त्या पुस्तकांत डोळे फोडणार? नाही सापडलं तर नाही. सोडून द्या.”

वसाहतीतल्या एकसष्ट घरांना ते वाक्य हवं आहे. बासष्टाव्या घराला नको आहे, आणि ते घर दादाचं. घर का भेदी असं उगाच नाही म्हणत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं. खंड एकेचाळीस, पान चारशे बारा. विषय भलताच, ‘नदीकाठच्या जमिनी’. तिथे आमचं वीजघर.

दादाचं भाषण दोन रकाने आणि वर थोडं. वाचताना बरं वाटलं. बोलायला उभा राहिला की दादा घसरायचा. एकच गोष्ट तीनदा सांगायचा, मध्येच कोणाच्या तरी म्हशीची हकीकत घालायचा. छापील भाषण मात्र कसं सुबक. त्याचं श्रेय मला आहे, हे खोट्या विनयाने लपवण्यात अर्थ नाही. भाषणाचे टंकलिखित कागद दुसऱ्या दिवशी तपासायला घरी यायचे, संध्याकाळपर्यंत परत द्यायचे. दादाला स्वतःचे शब्द वाचायचा कंटाळा. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते, भाषा घेऊन पदवी मिळवलेली. मी तपासायची, तो न बघता शेवटच्या पानावर सही करायचा.

पण वाक्य नाही!

दादा घरांचं विचारतो. मग कंसात छापलं आहे, ‘मंत्री महोदय जागेवरूनच काही बोलतात, ऐकू येत नाही.’ त्यानंतर दादा एकदम दवाखान्याकडे वळतो. शेवटी मंत्री उत्तर देतात, यथावकाश विचार केला जाईल, वगैरे. संपलं.

मी पानांचे आकडे तपासले, सलग आहेत. शिवण पाहिली, दोरा जुनाच आहे. पान उजेडासमोर धरलं तर मफलर धावत आला, तसं करू नका म्हणाला. याला एवढी काळजी कशाची? पान बदललेलं नाही. म्हणजे जे केलं ते छपाईच्या आधी. कोणीतरी ध चा मा केला आहे. दादा घरांवरून असा उडी मारून दवाखान्यात जाणारा माणूस नव्हता. मध्ये काहीतरी होतं आणि ते कापलं आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मफलरला छपाईची पद्धत विचारली. तो हळू बोलतो, पण माहिती पक्की. सभागृहात लघुलेखक पाळीपाळीने लिहून घेतात, मग टंकलिखित प्रत होते. ती सदस्याकडे तपासायला जाते, परत आली की छापखान्यात. छापून झाल्यावर टंकलिखित कागद नष्ट करतात, पण त्या काळातले काही कागद फिल्मच्या रिळांवर उतरवून ठेवले आहेत. खंड एकेचाळीसचं रीळ आहे.

मी म्हटलं, मग दाखवा. तो उठला, आतल्या खोलीत गेला. पाऊण तास आत होता. परत आला तो रिकाम्या हाताने. रीळ बघायचं यंत्र बिघडलंय म्हणाला. माझ्या कालपरवाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून त्यातली एक बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, “मॅडम, तुमच्या घरी तेव्हा प्रत कोण तपासायचं?”

मी म्हटलं, मी. का?

काही नाही म्हणाला. पंख्याखाली बसून मफलर घट्ट केला.

पाऊण तासात यंत्र बिघडतं? चांगलं चालतं यांचं. कंपनीचा हात इथपर्यंत पोचला आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यंत्र अजून बंद. मफलर माझ्या नजरेला नजर देत नाही. ग्रंथालयाच्या संग्रहपालांना लेखी तक्रार दिली. दोन पानं, मुद्देसूद. एक प्रत फोरमनला, एक वकीलबाईला, एक माझ्याकडे.

घरी वहिनीला सांगितलं की तो कारकून विकला गेला आहे आणि उद्या त्याची गाळण उडणार. तिच्या हातातलं भांडं निसटलं. म्हणाली, त्या बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय देता. या बाईने त्या माणसाला आयुष्यात पाहिलेलं नाही. तो बिचारा आहे हे हिला कोणी सांगितलं?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संग्रहपाल म्हणजे एक किडकिडीत बाई, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान. तक्रार उभ्या उभ्या वाचली. म्हणाल्या, यंत्र बंद पडलंच नव्हतं.

मला जिंकल्यासारखं वाटलं. मफलरला बोलावलं. तो बाईंसमोर मान खाली घालून उभा राहिला. खोटं का सांगितलंत, असं त्यांनी विचारल्यावर म्हणाला, चूक झाली. कारण सांगितलं नाही. बाईंनी उद्या अकरा वाजता मला रीळ दाखवायचा हुकूम दिला.

बाहेर पडताना तो माझ्यामागून जिन्यापर्यंत आला. “मॅडम, उद्या येताना घरचं कोणीतरी बरोबर आणा. एकट्याने नका बघू.”

ही धमकी की साक्षीदार जमवायची चाल? मी म्हटलं, चाळीस वर्षं शाळा चालवली आहे, मला सोबत लागत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

एकटी गेले.

रिळाच्या पडद्यावर अक्षरं पांढरी दिसतात, कागद काळा. मफलरने चाक फिरवून पान आणलं आणि बाजूला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

टंकलिखित मजकूर असा. मी शब्दशः उतरवून घेतला.

‘मंत्री महोदय आत्ता जागेवरून मला म्हणाले की एकाही घराला हात लागणार नाही. ते उभे राहून म्हणाले नाहीत, म्हणून मी उभा राहून म्हणतो. एकाही घराला हात लागणार नाही. माझ्या लोकांना हे कागदावर पाहिजे. काय मंत्री महोदय, असंच म्हणालात ना? (मंत्री महोदय होकारार्थी मान हलवतात.) मान हलवली हेही लिहा.’

या सगळ्यावर एक आडवी रेघ. पट्टी लावून मारलेली. समासात एक शब्द, ‘पुनरुक्ती’.

अक्षर माझं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ग्रंथालयात जाऊन तक्रार मागे घेतली. मफलरने कागदावर शिक्का मारून दिला. मी त्याला विचारलं, तुम्ही रीळ पाहिलंत त्याच दिवशी ओळखलंत? म्हणाला, चिठ्ठ्यांवरच्या ‘अधिवेशन’मधला ‘न’ आणि समासातल्या शब्दातला ‘न’ एकाच हाताचे दिसले. मग म्हणाला, नियमाने सदस्याला फक्त भाषेच्या चुका सुधारता येतात, मजकूर गाळता येत नाही. लघुलेखकाची कंसातली नोंद तर नाहीच. छापखान्याने अडवायला हवं होतं. “पण खाली सही होती.”

तो हे माझ्या समाधानासाठी बोलला. समाधान झालं नाही. नियम मलाही माहीत होता. लिफाफ्यावरच छापलेला असायचा. पण मला ती भाषेची चूक वाटली. दोनदा तेच वाक्य! वर्गात मी मुलांचे गुण कापायची त्यासाठी. माईकवर न बोललेलं वाक्य कागदावर चढवायचं असेल तर कोणीतरी उभं राहून ते पुन्हा म्हणावं लागतं, हे दादाला कळलं होतं. चौथी नापास माणसाला. मला नाही कळलं.

कोणाकोणाला माहीत आहे, असं मी मफलरला विचारलं. म्हणाला, “मी पेट्या काढतो आणि ठेवतो, मॅडम. वाचायचं काम तुमचं.”

तरी भरवसा काय? बोलला तर?

२३ फेब्रुवारी, रविवार

वकीलबाई आणि फोरमन आले. रिळाची शिक्का मारलेली नक्कल टेबलावर ठेवली. फोरमनने खोडलेल्या ओळी वाचल्या आणि त्याचा बुलंद आवाज बसला. मग रागाने म्हणाला, हे काम मंत्र्याच्याच माणसांचं. अक्षर कोणाचं ते मी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

वकीलबाई म्हणाल्या, कंपनी एकच म्हणणार. प्रत सदस्याच्या घरी होती, खाली त्याची सही आहे, म्हणजे त्यानेच स्वतःचं बोलणं मागे घेतलं. मंत्री तसं म्हणालेच नव्हते म्हणून खोडलं. खोडणारा दुसरा कोणी होता आणि त्याने चुकीच्या समजुतीने खोडलं, हे सिद्ध झालं तरच खालचा मजकूर उभा राहतो. फोरमन म्हणाला, “बाई, तुम्ही एवढंच सांगा की अक्षर दादाचं नाही. बाकी मंत्र्याच्या माणसांवर आम्ही ढकलतो. मेलेला मंत्री काय येतोय जाब विचारायला.”

मी म्हटलं, बघू.

वहिनी चहा घेऊन आली होती. नकलेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ज्या कागदावर तिचं घर टांगलेलं आहे त्याच्याकडे न पाहता ती कप उचलून आत गेली. कंपनीच्या माणसाला हिने काय कबूल केलं आहे ते मला सव्वीसच्या आत कळायला हवं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फोरमनची सूचना दिवसभर डोक्यात आहे. खोटं एवढंसंच आहे. मंत्र्याचा माणूस प्रत मिळवून खोडू शकला असता. कोणी तपासणार नाही. शाळेतल्या माझ्या विद्यार्थिनींच्या मुली या वसाहतीत नांदतात. गेल्या वर्षी निबंध स्पर्धेला त्यांनी माझं नाव दिलं. शुद्ध लेखनासाठी.

दुपारी वहिनीचं कपाट उघडून पाहिलं. कंपनीचा एकही कागद नाही. रंगीत चित्र चार तुकडे करून केराच्या टोपलीत. मग काय लपवते आहे ही?

२६ फेब्रुवारी, बुधवार

सुनावणी जिल्हा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर झाली. बाकं पुरली नाहीत, वसाहतीतली निम्मी माणसं भिंतीला टेकून उभी होती. वहिनी दाराजवळ. मी येऊ नका म्हटलं होतं.

अधिकारी घाईत होते, पण नक्कल त्यांनी मोठ्याने वाचून घेतली. कारकुनाने सपाट आवाजात वाचली, किराणा मालाची यादी वाचावी तशी. तरी ‘मान हलवली हेही लिहा’ या वाक्याला मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

कंपनीच्या वकिलाने वकीलबाईंनी सांगितलं होतं तेच म्हटलं. सही सदस्याची, रेघ सदस्याची.

मी उभी राहिले. म्हटलं, रेघ माझी. समासातला शब्द माझा. दादाने ते पान पाहिलं नव्हतं, तो कधीच पाहत नसे. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही दिलं नव्हतं. तेच वाक्य दोनदा आलं म्हणून मी खोडलं. ते दोनदा का आलं याचा मी विचार केला नाही.

फोरमन समोरच बसला होता. तो माझ्याकडे बघायचा थांबला.

कंपनीचा वकील गोड बोलणारा. म्हणाला, “आपण त्याच वसाहतीत राहता. आज आपलं घर वाचावं म्हणून हे सांगता आहात, असं कोणी म्हटलं तर?”

मी म्हटलं, “घर वाचवण्यासाठी खोटंच बोलायचं असतं तर दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेतलं असतं.”

अधिकाऱ्यांनी मला कोऱ्या कागदावर ‘पुनरुक्ती’ हा शब्द पाच वेळा लिहायला लावला. लिहिला. त्यांनी नकलेशेजारी धरून पाहिला आणि फाईलला लावला. सभागृहाच्या आश्वासन समितीकडे प्रकरण पाठवतो, तिचं उत्तर येईपर्यंत घरं रिकामी करू नयेत, असा आदेश दिला. उत्तर यायला वर्ष लागेल, दोन लागतील. काय येईल तेही माहीत नाही.

जिन्यावर माणसं मला वाट देत होती. आदराने की आणखी कशाने, ते मी पाहिलं नाही. वकीलबाईंनी हात दाबला. फोरमन पुढे निघून गेला.

घरी आल्यावर वहिनीला समोर बसवलं. म्हटलं, आज सगळ्यांसमोर माझं झालं, आता तुमचं होऊ दे. कंपनीला काय कबूल केलंत? तारीख का सांगितली नाहीत? कारकुनाचा कळवळा कशाला आला?

पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “नऊ डिसेंबर. संध्याकाळचे साडेपाच. मला मिनिटासकट आठवतं.”

छापील खंड घरी आला तेव्हा दादाने ते पान वाचलं होतं. आयुष्यात तेवढं एकच पान वाचलं. वाचून वहिनीला हाक मारली आणि दाखवलं, की बघ, गेलं. वहिनी म्हणाली, वन्संना विचारा. तो नाही म्हणाला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाले, तिला कळता कामा नये. ती माझी भाषणं तपासायची सोडेल. मग मी बोलतो तसंच छापून येईल, लोक हसतील मला. मंत्री आपला शब्द पाळतील, कागदाचं काय एवढं.” वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. “मला शपथ घातली होती. मला वाटलं, तुम्हाला ते पानच सापडलं नाही तर बरं. घर गेलं तरी चालेल. तो कारकूनही तेच लपवतोय, हे मी ओळखलं होतं.”

मग ती उठून कप धुवायला आत गेली. दादाने त्यानंतर दोन वर्षं दर अधिवेशनात मला कागद आणून दिले. दर वेळी मी तपासले. दर वेळी तो म्हणायचा, झकास केलंस.